कूल असणं म्हणजे काय, आणि ते सरावाने येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी चारचौघांत कमी बोलतो, चेहऱ्यावर फारसं काही दाखवत नाही, कशाचं उगाच कौतुक करत नाही. आपण कूल वाटावं हा हेतू. पण लोक मला शिष्ट समजतात, काही जण तर तोंडावर 'भाव खातो' म्हणतात. मग कूल असणं म्हणजे नेमकं काय? ते उपजत असतं की शिकता येतं?"

आधी सरळ उत्तर. तुम्ही थंडपणाचा सराव करताय आणि त्यालाच कूलपणा समजताय. आपल्या भाषेत हा फरक आधीपासून आहे. 'थंड डोक्याचा' ही तारीफ आहे, 'थंड माणूस' ही तक्रार आहे. शिकता येतं का, तर हो, बरंचसं येतं. पण ज्या टोकाला तुम्ही धरलंय तिथून नाही.

ज्या माणसाला लोक मनापासून कूल म्हणतात त्याच्यात तीन गोष्टी एकत्र दिसतात. ताण आला तरी त्याचा तोल जात नाही. त्याची आवडनिवड त्याची स्वतःची असते, गर्दी बघून ठरवलेली नसते. आणि आपण बोललो की समोरच्यांनी मान डोलवलीच पाहिजे अशी गरज त्याच्या वागण्यातून झिरपत नाही. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, आणि तुमची अडचण नेमकी तिथे आहे. कूल हा शेरा दुसऱ्याने द्यायचा असतो. तो मिळावा म्हणून गप्प बसणं हे तो मिळावा म्हणून मोठ्याने बोलण्याइतकंच दिसून येतं. शायनिंग मारणारा आणि भाव खाणारा, दोघांचंही लक्ष बघणाऱ्यांकडेच असतं.

ही गल्लत कुठून येते ते शब्दाच्या इतिहासात सापडतं. 'कूल'चा आजचा अर्थ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या बोलीतून, विशेषतः जॅझ वादकांच्या तोंडून जगभर गेला. तो रुळवण्याचं श्रेय बरेचदा सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांना दिलं जातं. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९४९-५० मधल्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह १९५७ मध्ये निघाला तेव्हा त्याच्या नावातच हा शब्द होता. ते संगीत लक्ष देऊन ऐका. सूर अंगावर येत नाहीत, आवाज चढवलेला नाही, पण पकड कुठेही ढिली नाही. वादकाला फिकीर नाही असं क्षणभरही वाटत नाही. उलट इतकी फिकीर आहे की एक जादा सूरही त्याला नको आहे.

त्याही मागे गेलं तर पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची 'इतुतू' ही कल्पना भेटते. कलेचे इतिहासकार रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये तिच्यावर सविस्तर लिहिलं. इतुतू म्हणजे शब्दशः शीतलता, पण तिच्या पोटात सौम्यपणा, मनाचा मोठेपणा आणि भांडण शमवण्याची ताकद हे सगळं येतं. तोंड फिरवून बसणं त्यात नाही.

मग निर्विकार चेहरा आला कुठून? रिचर्ड मेजर्स आणि जॅनेट मॅन्सिनी बिल्सन या अभ्यासकांनी १९९२ मध्ये याची मांडणी केली. रोजच्या वर्णभेदाला आणि अपमानाला तोंड देणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांनी तो चेहरा ढाल म्हणून धरला. दुखलंय हे समोरच्याला दिसू द्यायचं नाही, एवढाच त्यांच्या हातातला मान होता. आणि त्याची किंमतही त्या दोघांनी दाखवली: तीच ढाल घरात, मैत्रीत, प्रेमात खाली ठेवता येईनाशी होते. पुढे पडद्यावरच्या नायकांनी आणि जाहिरातींनी ढाल उचलली, वार मागेच राहिले. तुमच्या हातात आलीय ती ही ढाल. तुमच्या मित्रमंडळीत कोणी वार करत नसताना ती धरून बसलात, तर समोरच्याला वाटतं की आपल्यालाच शत्रू समजतोय.

आता लोक प्रत्यक्षात कोणाला कूल म्हणतात ते बघू. टॉड पेझुटी, केलेब वॉरेन आणि जिन्जी चेन यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ देशांतल्या जवळजवळ ६,००० लोकांना कूल माणूस आणि चांगला माणूस यांचं वर्णन करायला सांगितलं होतं. कूल माणसाच्या खात्यात सहा गुण पडले: मोकळा आणि बोलका, मजा घेणारा, शब्दाला वजन असलेला, धाडसी, नव्याला सामोरा जाणारा आणि स्वतःच्या मनाने चालणारा. शांतपणा? तो 'चांगल्या' माणसाच्या खात्यात गेला, प्रेमळपणा आणि शिस्तीच्या शेजारी. सहा गुण पुन्हा वाचा. अबोलपणा त्यात नाही. उलट मोकळेपणा आहे. तुम्ही नेमका विरुद्ध दिशेने चालला होता.

याचा अर्थ तोल महत्त्वाचा नाही असा नाही. तोल हा पाया आहे, तो एकटा दिसत नाही. ज्याच्यात उत्साह आहे, जो धोका पत्करतो, त्याचाच तोल नजरेत भरतो. दोरीवर चालणाऱ्याचा तोल लोक बघतात, खुर्चीत बसलेल्याचा कोणी बघत नाही.

'स्वतःच्या मनाने चालणारा' या गुणालाही मर्यादा आहे. केलेब वॉरेन आणि मार्गारेट कॅम्बेल यांच्या २०१४ च्या प्रयोगांत असं दिसलं की संकेत मोडणारी व्यक्ती किंवा वस्तू कूल वाटते, पण तो संकेत बघणाऱ्याला बिनकामाचा किंवा अन्यायाचा वाटत असेल तरच. संकेतामागे रास्त कारण असेल तर तो मोडणारा नुसता उर्मट ठरतो. आणि फारच टोकाला गेलं तरी आकर्षण ओसरतं. बैठकीला सगळे गडद रंग घालून येतात तिथे पिवळा शर्ट घालणं हा पहिला प्रकार. ठरल्या वेळेपेक्षा वीस मिनिटं उशिरा येणं हा दुसरा, कारण त्यात बाकीच्यांची वीस वीस मिनिटं गेली. उशिरा येण्यात ऐट आहे असं मानणाऱ्यांनी हे एकदा मोजून बघावं.

आता चेहरा दाबून ठेवण्याचं नुकसान, कारण तुम्ही रोज हेच करताय. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून यावर काम केलंय. भावना आत उसळलेली असताना ती चेहऱ्यावर येऊ द्यायची नाही असं ठरवलं तर भावना कमी होत नाही, फक्त दिसत नाही. शरीरातला ताण उलट वाढतो. दाबून ठेवण्यात लक्ष अडकल्यामुळे समोर काय बोललं गेलं तेही नीट लक्षात राहत नाही. शिष्ट समजले जाण्याचं हे एक साधं कारण आहे: तुम्हाला लोकांनी सांगितलेल्या गोष्टी, नावं, तपशील आठवत नाहीत. २००३ च्या एका प्रयोगात तर अनोळखी स्त्रियांच्या जोड्यांना क्लेशदायक चित्रफीत दाखवून तिच्यावर बोलायला सांगितलं. जोडीतल्या एकीला गुपचूप सूचना होती की भावना दाखवायच्या नाहीत. तेव्हा दुसरीचा, जिला यातलं काहीच माहीत नव्हतं तिचा, रक्तदाब वाढला. निर्विकार माणसाशेजारी बसणं शरीराला कष्टाचं असतं. लोक तुमच्यापासून लांब सरकतात त्यात त्यांचा आकस नाही.

मग दाबायचं नाही तर करायचं काय? भावना उसळण्याआधी किंवा उसळताना तिचा अर्थ बदलायचा. उदाहरण बोलण्याआधीच्या धडधडीचं. स्वतःला 'शांत हो, शांत हो' म्हणणं बहुधा फसतं, कारण धडधडणारं शरीर हुकमाने थांबत नाही आणि थांबलं नाही म्हणून आणखी घाबरायला होतं. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत ज्यांनी स्वतःला 'मला हुरूप आलाय' असं सांगितलं त्यांचं भाषण आणि गाणं 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा सरस झालं. धडधड तीच, नाव वेगळं. बोलायला उठण्याआधी हे एक वाक्य, मोठ्याने शक्य नसेल तर ओठांतल्या ओठांत, एकदा म्हणायचं.

शरीराच्या बाजूने सगळ्यात भरवशाचं साधन श्वास आहे. चार सेकंद नाकाने आत, सहा सेकंद बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती थोडी उतरते, म्हणून बाहेरचा भाग लांब ठेवायचा. रोज पाच मिनिटं, ठरावीक वेळी, काहीही ताण नसताना. लोक इथे दोन चुका करतात. एक, श्वास हळू घेण्याऐवजी भसाभसा खोल घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरल्यासारखं वाटतं. श्वास नेहमीएवढाच घ्या, फक्त सोडताना सावकाश सोडा. दुसरी चूक म्हणजे पहिल्यांदा वापर थेट कसोटीच्या क्षणी करणं. तोवर सवय नसेल तर त्या क्षणी आठवतही नाही.

एक प्रसंग जवळून बघू. पाच-सहा जण बसलेत. एक जण तुमच्याकडे बघून म्हणतो, "काय रे, आज फारच नटून आलायस!" सगळे हसतात.

पहिल्या सेकंदात काय होतं ते ओळखा. कान तापतात. दात एकमेकांवर बसतात. खांदे बोटभर वर जातात. श्वास छातीत वरच्या वर अडकतो. एक हात आपसूक कॉलरकडे, केसांकडे किंवा मोबाइलकडे निघतो. यातलं काहीही थांबवायला जाऊ नका, फक्त एकच काम करा: अडकलेला श्वास नाकाने सोडा. श्वास सुटला की खांदे आपोआप उतरतात. मग जीभ टाळूपासून सोडवा, जबडा ढिला पडतो. हात निघाला असेल तर जिथे पोचलाय तिथे राहू द्या, परत नेऊ नका, कारण निघालेला हात घाईने मागे घेणं सगळ्यांना दिसतं.

दुसऱ्या सेकंदात नजर. ती बोलणाऱ्याकडे जाऊ द्या, बाकीच्यांकडे नाही. हसणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली की आपण निकाल शोधतोय हे कळतं.

तिसऱ्या सेकंदात उत्तर, छोटं आणि खरं: "हो, आज ठरवूनच आलो." आणि पूर्णविराम. वाटलं तर हसा, पण हसू वाक्याच्या आधी येऊ द्या. वाक्यानंतर आलेलं हसू माफी मागितल्यासारखं वाटतं. त्यानंतर जो विषय चालला होता तो पुढे न्या, शक्यतो टोमणा मारणाऱ्यालाच काही विचारून. हे का चालतं? टोमण्याची ताकद तुम्ही तो नाकारण्यात असते. कबूल केलेल्या गोष्टीला पुढे ढकलता येत नाही.

बिघडतं ते तीन प्रकारे. काही जण ताबडतोब उलट टोमणा मारतात आणि तो मूळ टोमण्यापेक्षा धारदार असतो. हशा मिळतो, पण लागलं होतं हेही सगळ्यांना कळतं. काही जण खुलासा देऊ लागतात: "नाही रे, त्याचं काय झालं, सकाळी..." खुलाशाचं तिसरं वाक्य आलं की तोल गेलाच. आणि तिसरा प्रकार तुमचा: दगडी चेहरा, उत्तर नाही. थट्टा ही बरेचदा जवळीक करण्याची पद्धत असते. तिला दगडी चेहरा दाखवणं म्हणजे पुढे केलेला हात झिडकारणं.

अर्थात टोमणा खरोखर अपमानाचा असेल, शरीरावर, रंगावर, घराण्यावर गेला असेल, तर हसून घेणं म्हणजे कूलपणा नव्हे. तेव्हा आवाज नेहमीपेक्षा किंचित खाली आणून सांगायचं, "हे मला आवडलं नाही." त्याला हसू जोडायचं नाही, भाषण जोडायचं नाही. पुढची शांतता त्याची त्याला सांभाळू द्यायची.

आवाज आणि वाक्यरचना हा सरावाचा सगळ्यात फळ देणारा भाग आहे, आणि तो लोक सगळ्यात जास्त टाळतात. मोबाइलवर स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा, कुठल्याही विषयावर. ऐकताना तीन गोष्टी मोजा. वाक्याच्या शेवटी 'ना?', 'बरोबर ना?', 'हो की नाही?', 'कळतंय ना?' किती वेळा आलं. शेवटचे एक-दोन शब्द किती वेळा गिळले गेले. आणि स्वतःच्या वाक्यावर स्वतःच किती वेळा हसलात. ही तिन्ही मान्यता मागण्याची रूपं आहेत. शून्यावर आणायची गरज नाही. शून्यावर आणलेलं बोलणं यंत्रासारखं लागतं. निम्म्यावर आणा. उपाय बंदीचा नाही, जागा भरण्याचा आहे: जिथे 'ना?' येणार तिथे तोंड मिटून श्वास घ्या.

उत्तर देण्यातला वेळही समजून घ्या. जगभरातल्या वेगवेगळ्या भाषांच्या संवादांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाचा पाचवा भाग इतकंच भरतं. म्हणून अर्धा सेकंद थांबलं तरी 'विचार करून बोलतोय' असं वाटतं. पण एक सेकंदाच्या वर गेलं, आणि प्रश्न साध्या हो-नाहीचा असेल, तर ऐकणारा 'नाही' असंच गृहीत धरतो. "येतोस का आमच्याबरोबर?" याला दोन सेकंद थांबून "येईन" म्हटलं, तर समोरच्याने नकार ऐकलेला असतो. विचार करायच्या प्रश्नांना थांबा, आमंत्रणांना थांबू नका.

आता कौतुकाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातलं मला सर्वांत खटकलेलं वाक्य ते आहे. कौतुक राखून ठेवल्याने वजन वाढतं ही समजूत अगदी उलटी आहे. ज्याला दुसऱ्याचं चांगलं काम दिसूनही बोलवत नाही, तो मनात सतत तुलना करतोय हे लोकांना जाणवतं. स्वतःबद्दल निर्धास्त असलेला माणूस कौतुकात हात आखडत नाही. पद्धत एवढीच: एक वाक्य, नेमकी गोष्ट, 'पण' नाही. "छान झालं" नको. "तू आकडे आधी सांगितलेस आणि कारण नंतर, त्यामुळे पटकन समजलं" हे हवं. त्याच वेळी सांगा, आणि चारचौघांत सांगा. पुढे दोन वाक्यं वाढवलीत तर खुशामत होते. तसंच 'मला हे माहीत नाही, सांग ना' हे वाक्य. आठवड्यातून निदान दोनदा, ज्या विषयात तुम्हाला खरोखर माहिती नाही तिथे. आव आणणारा माणूस हे वाक्य उच्चारू शकत नाही, म्हणूनच त्याचा परिणाम होतो.

चूक झाली की काय? पाण्याचा ग्लास लवंडला, नाव चुकीचं घेतलं, अडखळलात. आधी प्रमाण लक्षात घ्या. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांच्या २००० मधल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना अवघडल्यासारखं वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल. प्रत्यक्षात पाहिला होता सुमारे पाव लोकांनी. आपल्यावर रोखलेल्या नजरा आपण दुपटीने मोजतो. म्हणून उपायही चूक जेवढी तेवढाच ठेवायचा: एका वाक्यात कबूल करा, लगेच हातासरशी निस्तरा, पुढे चला. "सांडलं. एक मिनिट, पुसतो." माफी एकदाच. दुसऱ्यांदा मागितलेली माफी समोरच्याला तुमची समजूत घालायच्या कामाला लावते.

याला एक अट आहे. एलियट अ‍ॅरन्सन आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये श्रोत्यांना प्रश्नमंजुषेतल्या स्पर्धकांच्या ध्वनिफिती ऐकवल्या. ९२ टक्के उत्तरं बरोबर देणाऱ्याने शेवटी अंगावर कॉफी सांडली तेव्हा तो आणखी आवडला. ३० टक्के बरोबर देणाऱ्याने सांडली तेव्हा तो आणखी नावडता झाला. म्हणजे सहजपणा शोभतो तो हातात काही असलेल्याला. इटालियन लेखक कास्तिल्योने यांनी १५२८ मध्ये इटलीतल्या दरबारी माणसासाठी 'स्प्रेत्झातुरा' हा शब्द वापरला, मेहनत दिसू न देता काम सहज भासवण्याची कला. पण दिसू न देण्यासाठी मेहनत आधी असावी लागते. म्हणून कुठलीतरी एक गोष्ट मुळापासून शिका: वाद्य, लाकूडकाम, पोहणं, एखादी भाषा, काहीही. ती कूल मानली जाते का हे बघू नका. ज्या गोष्टीबद्दल तुम्ही दहा मिनिटं तल्लीन होऊन बोलू शकता आणि बोलताना समोरच्याचा चेहरा वाचायचं विसरता, ती तुमची. ते विसरणं हाच सुरुवातीला सांगितलेल्या तिसऱ्या गोष्टीचा सराव आहे.

कपडे, आवडी, मतं यांतलं वेगळेपण निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. यात कोणाचं नुकसान होतंय का? मोडतोय तो संकेत मला नीट माहीत आहे का, की अज्ञानाने मोडतोय? आणि कोणीच बघत नसेल तरी मी हे करेन का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर ते सोडून द्या, कितीही आवडत असलं तरी. कपड्यांत एका वेळी एकच गोष्ट वेगळी, बाकी साधं आणि मापाचं: खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर, बाही मनगटापर्यंत. नवी वस्तू बाहेर वापरण्याआधी घरात दोन-तीन तास घालून वावरा. बाहेर सतत सारखी करावी लागणारी वस्तू कितीही देखणी असली तरी अंगावर परकीच दिसते.

घाई करणाऱ्यांसाठी, विशेषतः शाळकरी मुलांच्या पालकांसाठी, एक गोष्ट इथे सांगायला हवी. जोसेफ अ‍ॅलन यांच्या गटाने १८४ मुलामुलींना वयाच्या तेराव्या वर्षापासून तेविसाव्यापर्यंत अभ्यासलं आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. लवकर प्रेमप्रकरणं, किरकोळ नियमभंग, दिसायला देखणे मित्र, अशा मार्गाने तेराव्या वर्षी कूल ठरलेल्यांची लोकप्रियता काही वर्षांतच ओसरली. तेविसाव्या वर्षी त्यांच्यात व्यसनाच्या आणि कायदा मोडण्याच्या तक्रारी जास्त होत्या, आणि नाती टिकवणं त्यांना जड जात होतं. समवयस्कांवर छाप पाडायला दर वर्षी आधीपेक्षा मोठं काहीतरी लागतं, आणि त्या नादात मैत्री करायची साधी कौशल्यं शिकायची राहून जातात.

काही ठिकाणी कूल असूच नये. कोणी रडत असेल, माफी मागायची असेल, प्रेम सांगायचं असेल, कोणाला तातडीची मदत हवी असेल, तिथे आवाज थरथरला तर थरथरू द्या. तिथला सपाट आवाज समोरच्याला आयुष्यभर लक्षात राहतो. आणि एक गोष्ट न्यायाची: तोच तोल सगळ्यांच्या बाबतीत सारखा वाचला जात नाही. अधिकार असलेल्याने नियम वाकवला तर 'बिनधास्त' म्हणतात, हाताखालच्याने वाकवला तर नोटीस येते. शांतपणे नाही म्हणणाऱ्या पुरुषाला खंबीर म्हणणारे लोक तशाच बाईला शिष्ट म्हणतात. तुमच्यावर असा शेरा येत असेल तर प्रत्येक वेळी दुरुस्ती तुम्हीच करायची असं नाही. शेरा कोण देतंय ते आधी बघा.

सुरुवात कशी करायची? पहिल्या आठवड्यात फक्त श्वासाची पाच मिनिटं आणि एक रेकॉर्डिंग. दुसऱ्यात रोज एक नेमकं कौतुक. इथे पहिले तीन-चार दिवस अवघडल्यासारखं होईल आणि वाक्य पाठ केल्यासारखं निघेल, तरी सोडू नका. तिसऱ्यात 'मला माहीत नाही' आणि आमंत्रणांना ताबडतोब हो किंवा नाही. चौथ्यात पुन्हा रेकॉर्डिंग, आणि पहिल्याशी ताडून बघणं. चारही एकदम सुरू केलंत तर बोलताना सगळं लक्ष स्वतःवर राहील, आणि तुमचा मूळ त्रास तोच आहे.

प्रगती मोजायला लोकांचे शेरे वापरू नका, ते उशिरा बदलतात. एकच आकडा ठेवा: आज काही बोलून झाल्यावर मी किती वेळा आजूबाजूचे चेहरे तपासले? रात्री आठवून वहीत लिहा. सुरुवातीला हा आकडा वाढेल, कारण आधी लक्षातच येत नव्हतं. साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर तो उतरायला लागेल. एखाद्या दिवशी लिहायचंच विसरलात तर ती पान रिकामं सोडून पुढे जायची वेळ.